वाट राखणारी माणसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, संतवाङ्मय अथवा इतिहास यांवर बोलावे, असा संकेत आहे. आज आम्ही बोलणार आहोत तो विषय मात्र पायवाटेचा आहे. विषय अगदीच पायदळी पडलेला, असे कोणी गमतीने म्हटले तरी आमची हरकत नाही.

हा विषय निवडण्यास कारण आहे. महोत्सवी वर्षात मंडळाने कायम टिकणारे एखादे सार्वजनिक काम हाती घ्यावे, असा विचार कार्यकारिणीपुढे आहे. शहराबाहेरच्या टेकडीवरील पायवाट, जिच्यावर आपल्यापैकी कित्येक कुटुंबे रविवारी सकाळी मुलाबाळांसह फिरावयास जातात, ती मंडळाने राखावयास घ्यावी, अशी सूचना काही तरुण सभासदांनी केली आहे. सूचना चांगली आहे. परंतु चांगल्या सूचनांचे पुढे काय होते, हे पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्यांना आम्ही सांगावयास नको. पहिल्या रविवारी साठ माणसे येतात, दुसऱ्या रविवारी वीस, आणि पावसाळा संपेपर्यंत कार्यवाह आणि त्यांचे चिरंजीव एवढेच उरतात. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी एक प्रश्न मोकळेपणाने विचारला पाहिजे : साध्या नागरिकांनी, वेतन न घेता, एका पिढीनंतर दुसऱ्या पिढीने, एखादी वाट राखणे शक्य आहे काय? आणि शक्य असेल, तर कोणत्या अटींवर?

या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही. असे काम शंभर वर्षे चाललेले एक उदाहरण जगात आहे. ते अमेरिकेतील ॲपलेशियन वाटेचे. त्या देशाच्या पूर्व बाजूस, समुद्रकिनाऱ्यापासून काहीसे आत, दक्षिणोत्तर पसरलेली ॲपलेशियन नावाची जुनी पर्वतरांग आहे. तिच्या माथ्यामाथ्याने दक्षिणेकडील जॉर्जियापासून उत्तरेकडील मेनपर्यंत, चौदा राज्यांतून, एक पायवाट जाते. तिची लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. तिच्यावरून गाडी जात नाही. ती केवळ चालणाऱ्यांसाठी आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की, ही वाट आखली, तोडली, खुणावली आणि आजवर राखली ती प्रामुख्याने गावोगावच्या हौशी मंडळांनी. होय, आपल्यासारख्याच मंडळांनी! अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार, वार्षिक सभा आणि वर्गणीची थकबाकी या सर्व गोष्टी तेथेही आहेत.

या वाटेची कल्पना बेंटन मकाय यांची. हे गृहस्थ वनशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांचा जन्म १८७९ चा. आयुष्य त्यांना दीर्घ लाभले आणि १९७५ मध्ये ते वारले. ऑक्टोबर १९२१ मध्ये अमेरिकेतील वास्तुशिल्पींच्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी या वाटेविषयी एक लेख लिहिला. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. शहरे फुगत होती, माणसे कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कोंडली जात होती. अशा माणसांना डोंगराच्या माथ्यावरून आपल्या प्रदेशाकडे पाहता यावे, मोकळ्या हवेत काही दिवस श्रम करता यावेत, म्हणून वाटेच्या कडेने निवारे, वसतिस्थाने आणि शेतीची केंद्रेही असावीत, असा त्यांचा मोठा आराखडा होता. त्या आराखड्यातील वसतिस्थाने आणि शेती ही कागदावरच राहिली. प्रत्यक्षात उतरली ती वाट आणि तिच्यालगतचे निवारे. याचे कारण उघड आहे. वसाहत वसविण्यास भांडवल लागते. वाट तोडण्यास चार माणसे, दोन कुऱ्हाडी आणि एक रविवार पुरतो.

त्या भागात फिरस्त्यांची मंडळे आधीपासून होती. बोस्टनमधील ॲपलेशियन माउंटन क्लब १८७६ चा. व्हर्माँट राज्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन माउंटन क्लबने तर आपल्या राज्यापुरती एक लांब वाट स्वतःच तयार करावयास घेतली होती. मकाय यांच्या लेखाने या विखुरलेल्या मंडळांना एक धागा मिळाला. न्यूयॉर्क परिसरातील स्वयंसेवकांनी बेअर माउंटन या ठिकाणापासून पहिला तुकडा तयार केला आणि ७ ऑक्टोबर १९२३ रोजी तो खुला झाला. मार्च १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे परिषद भरून एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. आज ती ॲपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या नावाने ओळखली जाते.

पण परिषदा भरून वाटा होत नाहीत, हा अनुभव तेथेही आला. पुढील काही वर्षे ठराव पुष्कळ झाले आणि मैल थोडे झाले. या कामाला पाय फुटले ते मायरन ॲव्हरी या माणसामुळे. ॲव्हरी हे मेन राज्यातले, व्यवसायाने वकील, वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत. १९२७ मध्ये त्यांनी मोजक्या मित्रांसह पोटोमॅक नदीच्या परिसरासाठी एक मंडळ काढले आणि १९३१ पासून १९५२ पर्यंत ते मध्यवर्ती संस्थेचे अध्यक्ष राहिले. हातात सायकलचे चाक लावलेले मोजयंत्र ढकलीत ते वाट मोजीत जात. प्रत्येक वळणाची, प्रत्येक झऱ्याची नोंद करून त्यांनी मार्गदर्शिका तयार केल्या. १९३६ पर्यंत, टप्प्याटप्प्याने का होईना, पूर्ण वाट चाललेले ते पहिले गृहस्थ ठरले. नवी मंडळे नसतील तेथे त्यांनी ती उभी केली, आळशी मंडळांना पत्रांमागून पत्रे लिहून सळो की पळो करून सोडले. स्वभाव तापट, जिभेला धार. मित्र जितके, दुखावलेले तितकेच. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या पिढीतले कार्यवाह पाहिले आहेत, त्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

मकाय आणि ॲव्हरी यांचे पुढे बिनसले. व्हर्जिनिया राज्यातील शेनान्डोआ येथे राष्ट्रीय उद्यान होत होते आणि डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता काढला जात होता. नेमकी तेथूनच पायवाट गेलेली होती. मकाय यांचे म्हणणे असे की, ज्या एकांतासाठी वाट काढली तो एकांतच मोटारी नष्ट करतील. याला प्रखर विरोध झाला पाहिजे. ॲव्हरींचे म्हणणे असे की, रस्ता थांबणार नाही. तेव्हा पायवाट बाजूला हलवून घ्यावी, सरकारी मदत मिळते आहे ती घ्यावी, आणि वाट अखंड करावी. १९३५ मध्ये दोघांत कायमचे वितुष्ट आले. मकाय यांनी त्याच वर्षी इतर काही जणांसह रानांच्या रक्षणासाठी निराळी संस्था काढली. त्या संस्थेच्या प्रयत्नांतून पुढे १९६४ चा वन्यप्रदेश कायदा झाला. म्हणजे एका भांडणातून दोन चांगली कामे उभी राहिली. येथे कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा आम्ही करीत नाही. इतकेच म्हणतो की, कामाला स्वप्न पाहणारा लागतो आणि मोजपट्टी घेऊन फिरणाराही लागतो. दोघे एकाच खोलीत सुखाने बसतीलच अशी अपेक्षा कोणत्याही मंडळाने धरू नये.

१४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमधील शेवटचा तुकडा जोडला गेला आणि वाट अखंड झाली. हा शेवटचा तुकडा स्वयंसेवकांनी केलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने जी श्रमपथके उभारली होती, त्यांतील वेतन घेणाऱ्या मुलांनी तो केला. स्वयंसेवेचा अभिमान बाळगावा, परंतु मजुराच्या घामाचे श्रेय आपल्या नावावर मांडू नये.

वाट पूर्ण झाली. आता काम संपले, असे कोणास वाटले असेल. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, न्यू इंग्लंड भागात चक्रीवादळ आले आणि मैलोन्‌मैल झाडे वाटेवर आडवी पडली. दक्षिणेत नव्या मोटाररस्त्याने वाटेचा लांबच लांब भाग गिळला. मग दुसरे महायुद्ध. तरुण मुले रणांगणावर, पेट्रोलवर नियंत्रण, डोंगरात जाणार कोण? चार-पाच वर्षे कोयता लागला नाही, आणि जी वाट घालण्यास सोळा वर्षे लागली ती जागोजागी रानाने परत घेतली. पुन्हा अखंड होण्यास १९५१ साल उजाडले. ॲव्हरी त्यानंतर वर्षभरातच, १९५२ मध्ये वारले. रस्त्याला, इमारतीला ‘पूर्ण झाले’ हा शब्द लावता येतो. वाटेला तो लागू पडत नाही. वाट ही घरातल्या केरासारखी आहे. काल काढला म्हणून आजचा राहत नाही.

या संदर्भात एका आजीबाईंची हकीकत सांगण्याजोगी आहे. एमा गेटवूड या ओहायो राज्यातील शेतकरी स्त्री, अकरा मुलांची आई. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुलांना ‘जरा फिरून येते’ असे सांगून त्या निघाल्या आणि एकट्याने, एका दमात, संपूर्ण वाट चालून गेल्या. तसे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. वाट उत्तम राखलेली आहे, असे त्यांनी एका मासिकात वाचले होते. प्रत्यक्षात खुणा पुसलेल्या, निवारे मोडकळीस आलेले, झाडे आडवी पडलेली. भेटलेल्या वार्ताहरांना त्यांनी हे काही आडपडदा न ठेवता सांगितले. वर्तमानपत्रांत ते छापून आले, आणि वाटेच्या दुरवस्थेकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. वाट राखणारे जितके आवश्यक, तितकीच वाट चालून ‘येथे तुम्ही कमी पडलात’ असे तोंडावर सांगणारी माणसेही आवश्यक असतात.

आता वाट राखणे म्हणजे नेमके काय, याकडे वळू. पायवाटेचा शत्रू पाय नव्हे, पाणी होय. पावलांनी माती मोकळी होते. ती वाहून नेण्याचे काम पाणी करते. वाट जर सरळ उताराने खाली जात असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात तिचा ओहोळ होतो. ओहोळात चालणे अवघड झाले म्हणजे माणसे बाजूने चालू लागतात, तेथे दुसरी घळ पडते, आणि पाहता पाहता दीड हाताची वाट पंधरा हात रुंद होऊन टेकडीची पाठ सोलून निघते. म्हणून जाणकार लोक वाट उताराला आडवी, तिरपी नेतात. साधा नियम असा की, वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित उतरती ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता तिला ओलांडून पलीकडे उतरते. जेथे चढ टाळता येत नाही, तेथे ठराविक अंतरावर दगडांची किंवा ओंडक्याची तिरपी आडताल बसवावी आणि तिच्या वरच्या अंगाचा चर मोकळा ठेवावा. आपल्या कोकणातल्या आणि मावळातल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. बांध, ताल आणि चर हीच त्याची विद्या.

या कामाचा मोठा भाग पुनःपुन्हा करावयाचा असतो. चरात पाने आणि माती भरतात, ती वर्षातून दोनदा तरी काढावी लागतात. चर बुजला की आडताल निरुपयोगी होते. वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटाव्या लागतात. चार फूट रुंद आणि आठ फूट उंच एवढी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे पाठीवर ओझे असलेला माणूस अडत नाही, असे तेथील माप आहे. खुणा पुन्हा रंगवाव्या लागतात. ॲपलेशियन वाटेची खूण म्हणजे दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असा पांढरा पट्टा, झाडावर अथवा दगडावर काढलेला. एकावर एक असे दोन पट्टे दिसले की, पुढे वळण आहे, सावध व्हा, असा अर्थ. बाजूच्या वाटांना, पाण्याकडे किंवा निवाऱ्याकडे जाणाऱ्यांना, निळा पट्टा. भाषा कोणतीही असो, शाळेत गेलेला असो वा नसो, ही लिपी सर्वांना वाचता येते. हत्यारेही साधी. त्यांचे एक आवडते हत्यार आहे. त्याच्या एका अंगाला कुऱ्हाडीचे पाते आणि दुसऱ्या अंगाला कुदळीसारखे पाते असते. जेथे रानाला कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, तेथे यंत्राचा करवतही चालत नाही. दोघांनी दोन टोकांना धरून ओढावयाचा जुना करवतच वापरावा लागतो. तो धार लावून ठेवण्याची कला काही मंडळांतील जुनी माणसे नव्यांना आजही शिकवितात.

परंतु हत्यारांपेक्षा आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्यांची वाटणी. ॲव्हरींनी काढलेल्या पोटोमॅक मंडळाकडे या वाटेचे सुमारे ३८५ किलोमीटर आहेत. ही सगळी लांबी ‘सर्व सभासदांची सामुदायिक जबाबदारी’ म्हणून ठेवली असती, तर ती कोणाचीच राहिली नसती. तेथे वाटेचे लहान लहान तुकडे पाडले आहेत, आणि प्रत्येक तुकड्याला एक नेमलेला राखणदार आहे. या दगडापासून त्या ओढ्यापर्यंत तुमचे, पुढे त्यांचे. वर्षातून काही वेळा त्याने आपला तुकडा चालून पाहावा, चर मोकळे करावेत, खुणा तपासाव्यात आणि केलेल्या कामाचा, दिलेल्या तासांचा अहवाल पाठवावा. एकट्याने न होणारे काम, पूल म्हणा किंवा दरड म्हणा, निघाले तर त्यासाठी पथक बोलवावे. वडील थकले म्हणजे मुलगी तो तुकडा घेते, असेही घडते. ‘गाव करी ते राव काय करी’ ही आपली म्हण खरी. पण गावाने करावयाचे म्हणजे प्रत्येक घराने आपापले अंगण झाडावयाचे, हा तिचा व्यवहारातला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट सरकारशी असलेल्या संबंधाची. आरंभीची कित्येक वर्षे वाटेचा पुष्कळसा भाग खाजगी जमिनीतून जात होता, आणि तोही जमीनमालकाच्या तोंडी संमतीवर. मालक बदलला, घर बांधावयाचे झाले, की वाट हलवावी लागे. ती कित्येक मैल डांबरी सडकेवर येऊन पडली होती. चांगली माणसे आणि चांगले काम एवढ्यावर वाट टिकणार नाही, तिला कायद्याचा आधार हवा, हे ओळखून मंडळांनी अनेक वर्षे खटपट केली. २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रीय वाटांचा कायदा झाला. त्यातही जमीन घेण्याचे काम रेंगाळले, तेव्हा १९७८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नऊ कोटी डॉलरपर्यंत खर्चास मान्यता देण्यात आली. आज वाटेची जवळजवळ सर्व लांबी सार्वजनिक जमिनीत सुरक्षित आहे. आणि १९८४ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. वाटेसाठी सरकारने विकत घेतलेल्या जमिनीची दैनंदिन व्यवस्था राष्ट्रीय उद्यान खात्याने करार करून या स्वयंसेवी संस्थेकडेच सोपविली. मालकी जनतेची, कायदा सरकारचा, हात मंडळांचे, अशी ही त्रिवेणी आहे. यातले एकही अंग निखळले तर वाट टिकत नाही. नागरिक राबतात म्हणून सरकारने अंग काढून घ्यावे, हे त्यांनी होऊ दिले नाही. आणि सरकार आहे म्हणून नागरिकांनी घरी बसावे, हेही त्यांनी मानले नाही.

सप्टेंबर १९२४ नव्हे, सप्टेंबर २०२४. म्हणजे पहिला तुकडा खुला झाल्यावर शंभर वर्षांनी, हेलीन नावाचे चक्रीवादळ दक्षिणेकडील डोंगरांवर कोसळले. नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यांतून जाणारे शेकडो मैल उद्ध्वस्त झाले. झाडे पडली, पूल वाहून गेले, काही भाग बंद ठेवावे लागले. आणि १९३८ प्रमाणेच पुन्हा करवत, कुदळी घेऊन तेथील मंडळांची माणसे, वनखात्याच्या पथकांबरोबर, डोंगर चढू लागली. शंभर वर्षांत वाट कितीदा तरी मोडली. ती राखणारी रीत मोडली नाही.

या कल्पनेचे बी इतरत्रही पडले. इंग्लंडमध्ये टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने अमेरिकेतील वाटेविषयी कळल्यावर १९३५ मध्ये आपल्या देशातही अशी लांब वाट हवी, असे वर्तमानपत्रातून मांडले. तेथे अडचण जमीनदारांची होती. शिकारीसाठी राखलेल्या माळांवर सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नसे. १९३२ मध्ये किंडर स्काउट येथे कामकरी तरुणांनी समुदायाने प्रवेश केला, तेव्हा काहींना तुरुंगवास घडला. तीस वर्षांच्या चिकाटीनंतर १९६५ मध्ये ४३१ किलोमीटरची पेनाइन वाट खुली झाली. पुढे गर्दीनेच ती रुतू लागली. ओलसर, दलदलीची जमीन पावलांखाली खचली. मग बंद पडलेल्या सूतगिरण्यांच्या जमिनींच्या फरश्या आणून, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने वर चढवून, त्या दलदलीवर अंथरल्या. ज्या फरश्यांवर उभे राहून कामगारांनी आयुष्य काढले, त्याच फरश्यांवरून आज लोक मोकळ्या हवेत चालतात.

आपल्या देशातही उदाहरण नाही असे नव्हे. दिल्लीच्या शेजारी गुरुग्राम येथे अरवली टेकड्यांत खाणी खोदून सोडलेली सुमारे दीडशे हेक्टर जमीन होती. २०१० पासून ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या संस्थेने महापालिकेच्या संमतीने तेथे काम केले. वेड्या बाभळीच्या जागी अरवलीची मूळची झाडे, धौ, सालई यांसारखी, बिया गोळा करून, रोपवाटिका करून लावली. शाळांची मुले, कचेऱ्यांतील माणसे आणि निवृत्त लोक यांनी खड्डे खणले. आज तेथे रानातून पायवाटा आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये, संरक्षित वनांच्या बाहेर राहूनही जैवविविधता जपणारे भारतातील पहिले क्षेत्र म्हणून त्याला मान्यता मिळाली. मधल्या काळात त्यातून महामार्ग नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहण्यास माणसे होती. कारण ती झाडे त्यांनी स्वतः लावली होती. ज्याने कुदळ मारली आहे तो सहजासहजी हटत नाही.

आता आपल्या टेकडीकडे येऊ. कार्यकारिणीने ही सूचना स्वीकारावी, असे आमचे मत आहे. परंतु काही अटींवर.

पहिली अट : ज्याची जमीन त्याची लेखी परवानगी. वनखात्याची असो, नगरपालिकेची असो अथवा गावाची, तोंडी शब्दावर कुदळ उचलू नये. वनजमिनीत विनापरवाना एक फांदी तोडणेही गुन्हा ठरू शकतो, आणि परप्रांतीयांच्या मंडळाने तर याबाबत अधिकच काटेकोर असावे.

दुसरी अट अशी की, ती वाट आपण पाडलेली नाही, याचे भान ठेवावे. गुरे नेणाऱ्यांनी, मोळी आणणाऱ्या बायकांनी, माथ्यावरच्या देवस्थानाला जाणाऱ्या गावकऱ्यांनी ती पाडली आहे. अमेरिकेत शेनान्डोआच्या उद्यानासाठी डोंगरातली शेकडो कुटुंबे हलविली गेली, आणि त्याची सल तेथे अजून आहे. आपल्या फिरण्यासाठी गुराख्याची वाट अडता कामा नये. पायथ्याच्या गावातली माणसे या कामात पहिल्या दिवसापासून हवीत, आणि बैठक त्यांच्या भाषेत व्हावी, आपल्या नव्हे. पन्नास वर्षे या भूमीचे अन्न खाल्ल्यावर एवढे आपल्याला यावयास हवे.

तिसरी अट : लहान आरंभ. टेकडी संपूर्ण घेऊ नये. एक किलोमीटर घ्यावा, त्याचे पाच तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला दोन कुटुंबे नेमावीत, आणि नावे फलकावर नव्हे तर मंडळाच्या वहीत लिहावीत. पावसाळ्यापूर्वी चर मोकळे करणे आणि पावसाळ्यानंतर घाणेरीची झुडपे काढणे, एवढी दोनच कामे पहिल्या वर्षी नेमाने झाली तरी पुष्कळ. सिमेंटच्या पायऱ्या, रंगीत कमानी आणि देणगीदारांच्या नावांची बाके यांचा मोह कटाक्षाने टाळावा. पायवाट ही पायवाटच राहिली पाहिजे.

चौथी अट सर्वांत अवघड आहे. कुदळ, फावडे, पहार आणि घमेले स्वतः उचलावयाचे. मजूर लावून काम करून घ्यावयाचे आणि आपण सावलीत उभे राहून देखरेख करावयाची, ही आपल्या पांढरपेशा समाजाची जुनी खोड आहे. झाडणे, खणणे ही कामे दुसऱ्या कोणाची, असे आपल्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या भिनलेले आहे, आणि त्यामागचा जातिभेद आपण जाणतो. या बाबतीत आपल्याला परदेशी गुरू शोधावयास नको. गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. म्हणजे वाटेवरच्या माणसाची चिंता त्यांनी वाहिली. त्यांचे छायाचित्र आपल्या सभागृहात आहे. त्याच्याखाली आपण हार वाहतो. आता एक खराटाही ठेवावा.

शेवटची अट काळाची. हे काम दहा वर्षांसाठी घ्यावे, महोत्सवी वर्षापुरते नव्हे. दहा वर्षे जमणार नसेल तर आज नाही म्हणण्यात कमीपणा नाही. अर्धवट सोडलेली वाट ही मुळीच न राखलेल्या वाटेपेक्षा वाईट असते, कारण खुणांवर विसंबून निघालेला माणूस मध्येच रानात अडकतो.

याने मिळेल काय, असे कोणी विचारील. टेकडीवर माती थांबेल, म्हाताऱ्या माणसांना पाय घसरल्याविना चालता येईल, हे तर आहेच. पण त्याहून मोठा लाभ आम्हांस दिसतो तो असा. आपली मुले या शहरात जन्मली, वाढली. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर येथली भाषा. ‘तुम्ही कोठले?’ या प्रश्नाला त्यांच्याजवळ सरळ उत्तर नसते. आजोबांचे गाव त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत पाहिलेले, आणि येथे आपण स्वतःला पाहुणे म्हणत आलो. ज्या मुलाने आपल्या हाताने दगड बसवून पाणी वळविले आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात तो दगड जागेवर आहे की नाही हे पाहावयास जो धावत गेला आहे, त्याला त्या टेकडीवर कोणी पाहुणा म्हणू शकणार नाही. काम करताना तो चर, ताल, पहार, घमेले हे शब्द आपल्या आजीकडून शिकेल आणि त्याच वस्तूंची येथली नावे पायथ्याच्या गावकऱ्याकडून. भाषा टिकते ती अशी, वापरात राहून. भाषेचीही वाटच असते. चार वर्षे कोणी फिरकले नाही की तिच्यावर गवत माजते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ काढले, त्यांनी गणपती बसविला, वाचनालय चालविले, नव्याने बदलून आलेल्या कुटुंबांना पहिल्या दिवशी जेवावयास बोलाविले. त्यांतील बरीचशी माणसे आज नाहीत. त्यांनी केलेले एकही काम ‘पूर्ण’ झालेले नाही. दर वर्षी ते पुन्हा करावे लागते, आणि दर वर्षी कोणी ना कोणी ते करीत आले म्हणूनच आज आपण या सभागृहात जमलो आहोत. तेव्हा वाट राखण्याची विद्या आपल्याला अगदीच परकी आहे, असे नाही.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता टेकडीच्या पायथ्याशी, वडाखाली, ज्यांना यावयाचे त्यांनी यावे. त्या दिवशी परवानगी हाती नसल्यामुळे काम करावयाचे नाही; केवळ चालावयाचे, पाहावयाचे आणि पाणी कोठून वाहते ते वहीत टिपावयाचे.  मंडळाला आणि त्याच्या पुढील पन्नास वर्षांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.